कारणाच्या रकान्यात दोनच शब्द: मुंबईतल्या एका फोन टॅपिंग प्रकरणाचा अभ्यास

29 ऑक्टोबर 2009, 18 डिसेंबर 2009 आणि 24 फेब्रुवारी 2010. या तीन तारखांना केंद्रीय गृह मंत्रालयाने तीन आदेश काढले आणि त्यांच्या आधारे सीबीआयने मुंबईतल्या एका व्यावसायिकाचे फोन ऐकले. आरोप असा की, सरकारी बँकेकडून कर्जाच्या कामात मेहेरनजर व्हावी म्हणून या व्यावसायिकाने बँकेच्या अधिकाऱ्याला दहा लाख रुपयांची लाच दिली. 2011 मध्ये गुन्हा दाखल झाला, पुढे दोषारोपपत्र गेलं आणि त्यात या संभाषणांचा आधार घेतला होता.

आरोपी मुंबई उच्च न्यायालयात गेला तो "मी लाच दिली नाही" हे सांगायला नव्हे. त्याचं म्हणणं एवढंच होतं की, माझा फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला नव्हता. 22 ऑक्टोबर 2019 रोजी न्या. रणजित मोरे आणि न्या. एन. जे. जमादार यांच्या खंडपीठाने तिन्ही आदेश रद्द केले, रेकॉर्डिंग आणि त्याच्या प्रती नष्ट करायला सांगितल्या आणि खटला चालवणाऱ्या कोर्टाने ही संभाषणं विचारात घेऊ नयेत असं बजावलं. उरलेल्या पुराव्यावर काय व्हायचं ते खालच्या कोर्टात.

असा निकाल आला की "तांत्रिक मुद्द्यावर सुटला" हे वाक्य ठरलेलं. या प्रकरणापुरतं तरी ते चूक आहे. तांत्रिक मुद्दा म्हणजे शिक्का राहिला, तारीख चुकली, जावक क्रमांक नाही. इथे प्रश्न मुळातला होता: लाचेच्या तपासासाठी फोन ऐकण्याची परवानगी कायद्याने कधी दिली होती का?

दोन पायऱ्या

त्या वेळी लागू असलेला कायदा म्हणजे 1885 चा भारतीय तार कायदा, कलम 5(2). या कलमाचं आजच्या वाचकाला परिचित असलेलं रूप 1972 च्या दुरुस्तीतून आलं. त्यात दोन पायऱ्या आहेत आणि त्या त्याच क्रमाने चढायच्या आहेत.

पहिली पायरी: सार्वजनिक आणीबाणी उद्भवलेली असली पाहिजे, किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी गरज असली पाहिजे. यातलं एकही नसेल तर पुढचं काही वाचायचंच नाही. दुसरी पायरी: देशाचं सार्वभौमत्व व अखंडता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि गुन्ह्याला चिथावणी मिळू नये म्हणून, या पाचांपैकी एखाद्या कारणासाठी फोन ऐकणं आवश्यक किंवा इष्ट आहे, अशी सरकारची खात्री पटली पाहिजे. ती खात्री कशी पटली हे लेखी नोंदवायचं.

यादी पुन्हा नीट वाचली की लक्षात येतं, "गुन्ह्याचा तपास" हे कारण त्यात नाही. शेवटचं कारण गुन्ह्याच्या चिथावणीला आळा घालण्याचं आहे, झालेला गुन्हा शोधून काढण्याचं नाही. तपास यंत्रणांना हा फरक अडचणीचा वाटतो, आणि तो आहेच. पण तो सुटलेला शब्द समजून आपणच भरून काढायचा नसतो.

पहिल्या पायरीवरच्या शब्दांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने 18 डिसेंबर 1996 रोजी पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) या नागरी हक्क संघटनेच्या प्रकरणात सांगितला. सार्वजनिक आणीबाणी म्हणजे सर्वसामान्य जनतेवर परिणाम करणारी, तातडीने हालचाल करायला लावणारी अचानक उद्भवलेली स्थिती. सार्वजनिक सुरक्षितता म्हणजे मोठ्या जनसमुदायाला धोका नसण्याची स्थिती. महत्त्वाचं पुढे आहे. न्यायालय म्हणालं की या दोन्ही गोष्टी गुप्त असू शकत नाहीत, समंजस माणसाला त्या बाहेरून दिसल्या पाहिजेत. पूर आला, दंगल पेटली, बॉम्बची खबर आली तर ते दिसतं. दोन माणसांमध्ये ठरलेले दहा लाख रुपये कुणालाच दिसत नाहीत, आणि दिसत नाहीत म्हणून तर फोन ऐकायचा असतो. यंत्रणेची खरी कोंडी इथे आहे.

त्या निकालाच्या मागे सीबीआयचाच एक अहवाल होता, ही यातली गंमत. राजकारण्यांच्या फोन टॅपिंगच्या चौकशीत सीबीआयला एमटीएनएल या सरकारी टेलिफोन कंपनीच्या नोंदींमध्ये आढळलं की 133 प्रकरणांत मंजूर मुदत संपल्यावरही फोन ऐकला जात होता, 111 प्रकरणांत 180 दिवसांची मर्यादा ओलांडूनही परवानगी घेतलेली नव्हती आणि 279 क्रमांकांची अधिकारपत्रं होती, पण एमटीएनएलच्या यादीत ते क्रमांकच नव्हते. म्हणजे कोणाचा फोन कधीपासून कधीपर्यंत ऐकला, हे नेमकं सांगणारी एकही वही जुळत नव्हती.

आदेश फिरतो कसा

पीयूसीएलच्या निर्देशांना 2007 मध्ये तार नियमावलीतल्या नियम 419अ चं रूप मिळालं. मुंबईच्या प्रकरणातले तिन्ही आदेश याच नियमाच्या काळातले. डिसेंबर 2024 मध्ये त्याची जागा नव्या नियमांनी घेतली; खाली सांगितलेली पद्धत 419अ ची आहे.

केंद्राच्या बाबतीत आदेशावर केंद्रीय गृहसचिवांची सही लागते, राज्याच्या बाबतीत राज्याच्या गृहसचिवांची. टाळता येणारच नाही अशा परिस्थितीत यासाठी अधिकार दिलेला सहसचिव किंवा त्याच्या वरचा अधिकारी. दुर्गम भाग किंवा कारवाईची निकड असेल तर यंत्रणेतला ठरावीक वरिष्ठ अधिकारी आधी ऐकायला सुरुवात करू शकतो, पण त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवायचं आणि सातमध्ये मंजुरी मिळवायची. मिळाली नाही तर ऐकणं बंद. आदेशाची मुदत 60 दिवस, वाढवून वाढवून फार तर 180.

सही करण्याआधी गृहसचिवांनी एक गोष्ट तपासायची असते: हीच माहिती दुसऱ्या वाजवी मार्गाने मिळू शकते का? मिळत असेल तर आदेश काढायचा नाही. व्यवहारात फाईलवर याचं उत्तर बहुधा एका ओळीत संपतं, "अन्य मार्गाने माहिती मिळणे शक्य नाही." कोणता मार्ग चोखाळून पाहिला, किती दिवस, काय हाती लागलं, यातलं काही नसतं. प्रस्ताव तयार करणाऱ्याने मागच्या प्रस्तावाची फाईल उघडून नाव आणि नंबर बदललेला असतो. कारणाच्या रकान्यात "सार्वजनिक सुरक्षितता" हे शब्द येतात ते असे, कलमातून उचलून जसेच्या तसे. कलमाचे शब्द म्हणजे निकष, त्यांची नक्कल म्हणजे कारण नव्हे.

मंजूर आदेश पोलीस अधीक्षक किंवा अपर पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत मोबाइल कंपनीकडे जातो. कंपनीने प्रत्येक परवाना क्षेत्रासाठी दोन वरिष्ठ नोडल (संपर्क) अधिकारी नेमलेले असतात, त्यांनी दोन तासांत पोचपावती द्यायची. दर पंधरा दिवसांनी हेच नोडल अधिकारी आलेल्या आदेशांची यादी यंत्रणेला परत पाठवून "हे सगळे तुमचेच ना?" अशी खातरजमा करून घेतात. बनावट पत्र घुसवून कुणाचे तरी कॉल काढण्याचा प्रकार पकडण्यासाठी ही साधी पण कामाची सोय आहे, अट एवढीच की यादी कुणीतरी वाचली पाहिजे.

दुसऱ्या बाजूने, आदेशाची प्रत सात कामकाजाच्या दिवसांत आढावा समितीकडे जाते. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव अध्यक्ष, सोबत विधी आणि दूरसंचार सचिव. राज्यात मुख्य सचिव, विधी सचिव आणि गृहसचिव सोडून आणखी एक सचिव. आदेश कायद्यात बसतो का हे समितीने पाहायचं, बसत नसेल तर रद्द करून रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगायचं. समितीत न्यायाधीश नाही, बाहेरचा माणूस नाही. सरकारच्या एका सचिवाने केलेलं काम सरकारचेच दुसरे तीन सचिव तपासतात.

तेही वेळ असला तर. न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने 2018 च्या अहवालात लिहिलं आहे की दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या आढावा समितीपुढे प्रत्येक बैठकीत 15,000 ते 18,000 आदेश असतात. सलग आठ तास बसलं, चहालाही उठलं नाही, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंदही येत नाहीत. नाव आणि नंबर वाचायलाही तेवढे पुरत नाहीत. मुंबईतल्या व्यावसायिकाला दाद मिळाली ती या समितीकडून नव्हे, पहिल्या आदेशानंतर दहा वर्षांनी न्यायालयातून, आणि तीही त्याच्यावर खटला भरला गेला म्हणून. ज्यांचे फोन ऐकले आणि पुढे काहीच निघालं नाही, त्यांना ते कधी कळतही नाही. आदेश संपल्यावर संबंधित माणसाला कळवायची तरतूदच नाही.

यंत्रणेची बाजू

सीबीआयच्या बाजूला वजन नाही असं मुळीच नाही. लाचेच्या गुन्ह्याचे दोन प्रकार असतात. पहिल्यात अडवणूक असते: तलाठी सातबाऱ्यावर नोंद घालायला पैसे मागतो, नागरिक वैतागून लाचलुचपत प्रतिबंधक विभागात जातो. इथे तक्रारदार मिळतो आणि तक्रारदार मिळाला की फोन टॅप करायची गरज उरत नाही. त्याच्याकडे रेकॉर्डर देऊन दोन पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, तिचा पंचनामा होतो, नोटांना अँथ्रासीन पावडर लावून सापळा लावला जातो आणि पैसे घेतल्यावर हात अतिनील दिव्याखाली धरले की बोटं चमकतात. संभाषणातला एक पक्ष स्वतःहून रेकॉर्डिंग करतो आहे, त्यामुळे कलम 5(2) आड येत नाही. मुंबईच्या कॉरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी) एका डॉक्टरकडे पैसे मागितल्याच्या प्रकरणात पोलिसांनी डॉक्टरच्या संमतीने त्याच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला होता आणि सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये तो पुरावा ग्राह्य धरला.

दुसऱ्या प्रकारात देणारा खूश, घेणारा खूश. बुडणारा पैसा बँकेचा, म्हणजे ठेवीदारांचा आणि शेवटी करदात्यांचा, पण तक्रार करायला कुणी येत नाही. कर्ज मंजुरीच्या कागदपत्रांत सगळं नियमात बसवलेलं असतं. सीडीआर, म्हणजे कोणी कोणाला कधी फोन केला याची नोंद, काढला तर दोघे बोलले एवढं कळतं, काय बोलले ते नाही. अशा गुन्ह्यात आतला आवाज ऐकल्याशिवाय पुरावा उभा करणं अवघड जातं. हे मान्य करूनच पुढे जायला हवं, नाहीतर स्वातंत्र्याची बाजू फार स्वस्तात जिंकल्यासारखी होते.

पण गरज आहे यावरून अधिकार आहे असं ठरत नाही. तो हवा असेल तर कायद्यात लिहून घ्यावा लागतो, आणि तसं करता येतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. 1999 च्या मकोका कायद्यात संघटित गुन्हेगारीसाठी संभाषण ऐकण्याची स्वतंत्र तरतूद आहे, कलम 13 ते 16. अर्ज किमान अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा. माणूस कोण, गुन्हा कोणता, काय ऐकायला मिळेल अशी अपेक्षा आहे, तपासाचे इतर मार्ग वापरून का भागलं नाही, हे सगळं अर्जात द्यायचं. तातडी असेल तर अपर पोलीस महासंचालक परवानगी देऊ शकतात, मग 48 तासांत रीतसर अर्ज. आणि कोर्टात ते रेकॉर्डिंग वापरायचं तर आदेश व अर्जाची प्रत आरोपीला किमान दहा दिवस आधी द्यायची. मुंबई उच्च न्यायालयाने 2003 मध्ये, हा विषय राज्याच्या कक्षेत येत नाही म्हणून, ही कलमं रद्द केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये ती पुन्हा वैध ठरवली. मकोकावर आक्षेप घ्यायला भरपूर जागा आहे, पण निदान कशासाठी ऐकायचं हे विधिमंडळाने उघडपणे सांगितलं.

दुसरं उदाहरण आणखी बोलकं आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं सुधारित कलम 69 लागू झालं 27 ऑक्टोबर 2009 रोजी, या प्रकरणातल्या पहिल्या आदेशाच्या बरोबर दोन दिवस आधी. त्या कलमात आणीबाणी आणि सुरक्षिततेची पहिली पायरीच नाही, उलट "कोणत्याही गुन्ह्याच्या तपासासाठी" हे शब्द आहेत. म्हणजे त्याच व्यावसायिकाने त्याच अधिकाऱ्याला दहा लाखांचा मजकूर ईमेलने पाठवला असता, तर तो वाचायला एक कायदा जवळपास सताड उघडा होता. फोनवर बोलला तर दुसरा कायदा बंद. नागरिकाच्या दृष्टीने खासगीपणात काडीचाही फरक नाही. आमच्या मते संसदेने डोळसपणे करण्याची निवड इथे दोन कायद्यांच्या वेगवेगळ्या वयांवर सोडली गेली, आणि त्यातल्या त्यात जुन्या कायद्याने नागरिकाला जास्त संरक्षण दिलं, हे कुणाच्या लक्षातही आलं नसावं.

रेकॉर्डिंग का फेकून दिलं

आदेश बेकायदा, इथवर वाद फारसा नाही. खरा वाद पुढचा आहे: बेकायदा मिळवलेला असला तरी आवाज खरा आहे ना, मग वापरायला काय हरकत?

भारतीय न्यायालयांचा जुना कल याच बाजूचा होता. कॉरोनरच्या प्रकरणात तसं म्हटलं गेलं, नंतर प्राप्तिकर छाप्यांच्या प्रकरणात तेच. संसद हल्ल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सांगितलं की टॅपिंगच्या प्रक्रियेत त्रुटी राहिली म्हणून संभाषण पुराव्यातून बाद होत नाही. सीबीआयने यावरच भिस्त ठेवली होती.

मधल्या काळात 2017 आलं. पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं निःसंदिग्ध सांगितलं आणि त्यात हात घालायचा तर कायद्याचा आधार, योग्य हेतू आणि हेतूच्या प्रमाणात उपाय अशा कसोट्या घातल्या. मुंबई खंडपीठाने जुन्या निकालांपुढे हा निकाल ठेवला. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा: पुरावा हाती लागला म्हणजे मार्ग माफ, असं एकदा मान्य केलं तर सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश आणि सक्तीचे नियम मोडायला सरकारी यंत्रणा मोकळी होते आणि कायद्याविषयीच तुच्छता निर्माण होते.

आम्हाला हे पटतं, आणि कारण अगदी व्यवहारी आहे. नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई करायची तर तीही सरकारनेच करायची, आणि त्याची वाट कुणी पाहू नये. पुरावा हातचा जातो ही एकच किंमत तपास अधिकाऱ्याला खरोखर जाणवते. मात्र रेकॉर्डिंग नष्ट करण्याच्या आदेशाबद्दल आमचं मत वेगळं आहे. वरच्या न्यायालयात निकाल फिरला तर नष्ट झालेलं परत येत नाही. शिवाय बचावालाही कधी कधी संपूर्ण रेकॉर्डिंग हवं असतं, कारण दोषारोपपत्रात निवडक वाक्यंच उतरवलेली असतात. अपिलाची मुदत संपेपर्यंत सीलबंद ठेवणं जास्त शहाणपणाचं झालं असतं.

2025 मधले दोन निकाल

मद्रास उच्च न्यायालयाने 2 जुलै 2025 रोजी जवळपास मुंबईच्याच वाटेने जाणारा निकाल दिला. तिथे 2011 चा आदेश होता, प्राप्तिकर अधिकाऱ्याला पन्नास लाखांची लाच दिल्याचा आरोप होता, आणि ऐकलेली संभाषणं मुदतीत आढावा समितीपुढे ठेवलेलीच नव्हती. न्या. एन. आनंद वेंकटेश यांनी स्पष्ट म्हटलं की गुन्हा शोधण्यासाठी गुपचूप फोन ऐकणं कलम 5(2) मध्ये बसत नाही.

त्याच्या काही दिवस आधी, जूनमध्ये, दिल्ली उच्च न्यायालयाने उलटा निष्कर्ष काढला होता. तिथे सरकारी बांधकामाचा दोन हजार कोटींहून अधिक किमतीचा ठेका होता. एवढ्या मोठ्या व्यवहारातल्या भ्रष्टाचाराचा अर्थव्यवस्थेवर व्यापक परिणाम होतो, म्हणून तो सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न होऊ शकतो, असं तिथे म्हटलं गेलं. हा तर्क समजतो, पण तो वापरायचा कसा ते समजत नाही. दहा लाखांत सुरक्षितता धोक्यात येत नाही आणि दोन हजार कोटींत येते, तर रेघ कुठे? शंभर कोटींवर? लाचेची रक्कम मोजायची की ठेक्याची? आदेश काढताना यातलं बरंचसं ठाऊकही नसतं, कारण ते कळावं म्हणूनच तर ऐकायचं असतं.

दरम्यान तार कायद्याची जागा 2023 च्या दूरसंचार कायद्याने घेतली. त्याच्या कलम 20(2) मध्ये त्याच दोन पायऱ्या आहेत आणि 6 डिसेंबर 2024 च्या नियमांनी 419अ ची जागा घेतली. संसदेला "तपासासाठी" हे शब्द घालायची संधी होती, ते घातले नाहीत. अर्थही सांगितला नाही. त्यामुळे मुंबईच्या निकालातला प्रश्न नव्या कायद्याखालीही जशाचा तसा उभा आहे.

खटल्यात टॅप केलेलं संभाषण पुरावा म्हणून आलं, तर बचावाच्या वकिलाने प्रतिलेख वाचत बसण्याआधी आदेशाची प्रत मागावी. तिच्यात पाहायचं ते असं: कलमाचे शब्द सोडून एखादं तरी वस्तुस्थितीचं वाक्य आहे का, सही करणाऱ्याचा दर्जा काय, दुसरा मार्ग का चालला नाही हे लिहिलं आहे का. मग प्रत्येक संभाषणाची तारीख त्या आदेशाच्या मुदतीशी ताडून पाहावी, कारण दोन आदेशांच्या मधल्या फटीत पडलेले कॉल सहज सापडतात. त्यानंतर आढावा समितीच्या बैठकीची तारीख आणि निष्कर्ष मागावा. हे सगळं दोषमुक्तीच्या अर्जाच्या टप्प्यावर मागितलेलं बरं. साक्षीदारांच्या तपासण्या सुरू झाल्यावर मागितलं की "आधी का नाही बोललात" हाच पहिला प्रश्न येतो, आणि सहा महिन्यांनी नोंदी नष्ट करण्याचा नियम पुढे करून कागदच उरले नाहीत असं उत्तर मिळण्याचीही शक्यता असते.